पाठ असलेला बाक

४ जानेवारी

नवी डायरी. खरं तर मागच्या वर्षाची, लेकीच्या ऑफिसात उरलेली. वार चुकीचे आहेत, तारखा चालतात.

ठरवलं ते असं. रोज लिहायचं. डायरी शिवणयंत्राच्या खणात ठेवायची, कुणाला दाखवायची नाही. आणि यांच्याबद्दल, म्हणजे आमच्या घरच्यांबद्दल, एक अक्षर लिहायचं नाही. ते जाऊन चौदा महिने झाले. माणसाने तेच तेच किती उगाळत बसायचं! मी बसलेली नाही. मी मुळात बसणारी बाईच नाही.

आज दाराखालून वॉर्ड ऑफिसचं पत्रक आलं. 'आपला वॉर्ड, आपली सुधारणा.' नागरिकांनी सोयीसुविधांबद्दल सूचना पाठवाव्यात. दोनदा वाचलं आणि लगेच सुचलं. आपल्या गल्लीचा चढ दमवणारा आहे. मधल्या वळणाशी एक बाक हवा. पाठ असलेला. म्हाताऱ्या माणसांची सोय होईल.

माझा वैयक्तिक संबंध काही नाही.

५ जानेवारी, संध्याकाळी सव्वासहा

अर्ज लिहायला बसले. (लिहायला बसावं लागतं, ते वेगळं.)

माझ्या खिडकीतून वळण दिसतं. सहज दिसलं. रस्त्यावरचा दिवा लागला का ते पाहत होते. लागला होता. तरी थोडा वेळ पाहत राहिले, कारण दिवे लागतात आणि जातात.

६ जानेवारी

वॉर्ड ऑफिस. तिसरा मजला. वळणावरून उतरलं तर बारा मिनिटांत पोचतं, पण मी वरच्या रस्त्याने वळसा घालून जाते. पस्तीस मिनिटं लागतात. मला चालायला आवडतं.

अर्ज घेणारा कारकून लेकीच्या वयाचा. त्याचा चष्मा नाकावर घसरलेला, काचेचा मध्य एकीकडे आणि डोळा एकीकडे. तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या माणसाबरोबर संसार केला की असल्या गोष्टी आपोआप दिसतात. (हे यांच्याबद्दल नाही. हे काचांबद्दल आहे.) मी त्याला म्हटलं, दांडी घट्ट करून घ्या, डोकं दुखत असेल तुमचं. तो म्हणाला, अर्ज साध्या कागदावर चालत नाही, छापील नमुन्यात भरून आणा, आजी.

आजी! असो. पहिल्याच भेटीत आमच्यात एक आदर तयार झाला, हे नक्की. मी निघाले तेव्हा तो डोकं दाबत होता.

७ जानेवारी

नमुना क्रमांक नऊ. चार पानं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी सामानाच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले, आणि मग पालिकेच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर. जाडजूड कादंबऱ्या पचवल्या आहेत मी. नमुना नऊ काय चीज आहे.

सहावा प्रश्न: सदर ठिकाणी सध्या कोणती सोय उपलब्ध आहे? खरं ते लिहिलं. 'नाल्यावरचा जुना दगडी कठडा, गुडघ्याएवढा. आमचे घरचे निवृत्तीनंतर अकरा वर्षं रोज संध्याकाळी तिथे बसत असत.' अर्जात आलं म्हणजे डायरीत आलं असं होत नाही.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, इकडे ये ना राहायला, एकटी काय करतेस तिथे? मी म्हटलं, मला वेळ नाही, कामं आहेत. म्हणाली, कसली कामं? मी म्हटलं, सार्वजनिक. ती गप्प झाली. अभिमान वाटला असणार.

८ जानेवारी

अर्ज दिला. कारकुनाने शिक्का मारला. कामाला वेग आला.

१२ जानेवारी

चौकशी. कारकून जेवायला गेला होता. साडेदहालाच.

१५ जानेवारी

चौकशी. मला पाहताच जेवायला उठला. आजाराचं लक्षण आहे हे, वेळीअवेळी भूक लागणं. पुढच्या वेळी बोलायला हवं त्याच्याशी.

१९ जानेवारी

उत्तर आलं! छापील, जावक क्रमांकासह. 'सदर ठिकाणी बसण्याची सोय उपलब्ध असल्याचे आपण स्वतःच नमूद केले असल्याने बाकाची आवश्यकता दिसून येत नाही.'

नकार आहे, पण बारकाईने वाचल्यावर दिलेला नकार आहे. सहाव्या प्रश्नापर्यंत कोणीतरी वाचलं. आजकाल लोक पहिलं पान ओलांडत नाहीत.

लगेच गेले. कारकून म्हणाला, आजी, बसायला आहे ना तिथे, मग बाक कशाला? मी म्हटलं, कठड्याला पाठ नाही. तो म्हणाला, पाठीचा रकाना नाही हो नमुन्यात. मी म्हटलं, मग घाला. तो म्हणाला, त्यासाठी वेगळा अर्ज.

२० जानेवारी

चूक कळली. सगळं अडलं ते सहाव्या प्रश्नाशी. नव्याने भरायचा तर वस्तुस्थिती आपल्याला नीट माहीत हवी. म्हणून एकदाच लिहून ठेवते, फक्त अर्जाच्या कामासाठी.

हे रोज पाचला वाचनालयात जायचे. माझं पुस्तक बदलून आणायचे. चढ चढताना दम लागला की वळणावर कठड्यावर टेकायचे, सव्वासहाच्या सुमारास. आणि माझ्या पुस्तकाची पहिली दोन पानं माझ्याआधी वाचायचे. घरी आल्यावर वर सांगायचे, अगं, सुरुवात बरी आहे हं. मला याचा संताप यायचा. पुस्तक माझं, माझ्या नावावर, आणि कोरी पानं यांना!

साडेसहाला मी खिडकी आपटून लावायची. डास येतात म्हणून. मग थोड्या वेळाने हे जिन्यावर खोकायचे.

त्या दिवशी लेकीचा फोन लांबला. फोन ठेवला तेव्हा सात वाजत आले होते. बघते तर हे अजून तिथेच, पुस्तकात डोकं घालून. दोन पानं कसली, अर्धं संपवत असतील! खिडकी जोरात आपटली. रागाने नाही. डासांमुळे. थंडीत डास नसतात, पण त्या दिवशी होते.

मग खोकला ऐकू आला नाही. आठ नंबरवाली धावत वर आली. तिचं घर वळणालाच आहे.

डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले, काही करता आलं नसतं. मी विचारलं, पाठ टेकायला काही असतं तर? त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हणजे मुद्दा त्यांना पटला.

आणि कठड्यावरून आमची खिडकी दिसत नाही. मधे विजेचा खांब येतो, शिवाय आठ नंबरचं झाड. जाऊन पाहायची गरज नाही, अंदाजाने कळतं. तेव्हा खिडकी कोणी कशी लावली हे तिथे बसलेल्या माणसाला कळायचा प्रश्नच येत नाही.

वस्तुस्थिती संपली. यापुढे यांच्याबद्दल लिहायचं नाही.

२२ जानेवारी

दुसरा अर्ज. सहावा प्रश्न: 'बसण्याची सोय नाही. असलेला कठडा मोडकळीस आलेला व धोकादायक आहे.' किंचित वाढवून लिहिलं. एक दगड हलतो असं हे म्हणायचे खरे.

शेजाऱ्यांची एक सही लागते. आठ नंबरवालीकडे गेले, मागच्या दाराने. वाचून म्हणाली, अहो, धोकादायक कुठे आहे? माझ्या कुंड्या ठेवते मी त्याच्यावर, आजवर एक पडली नाही. मी म्हटलं, सरकारी भाषेत असंच लिहावं लागतं. सही केली तिने. मग म्हणाली, तुमचे ना, तिथे बसून रोज काय म्हणायचे माहितीये का? मी म्हटलं, मला घाई आहे.

खरंच घाई होती. घरी येऊन पडदे मोजले.

३० जानेवारी

वॉर्डाची नागरिक सभा, शाळेच्या हॉलमध्ये. प्रत्येकाला तीन मिनिटं. माझं भाषण मी घड्याळ लावून बसवलं होतं, दोन मिनिटं पन्नास सेकंद. माझ्याआधी बावीसजण पाण्यावर बोलले. माझा नंबर आला आणि वीज गेली. माईक बंद, अंधार. मी थांबले नाही. अंधारातच बोलले, बाकाची उंची, रुंदी, पाठीचा कोन, सगळं. लोक आपापसात बोलत होते, बहुधा याच विषयावर. शेवटचं वाक्य संपलं आणि दिवे आले. टाळ्यांचा कडकडाट!

कोणी म्हणेल टाळ्या दिव्यांना होत्या. पण वेळ जुळायला काही कारण लागतंच.

नगरसेवक सारखं काहीतरी टिपून घेत होते. जाताना डोकावून पाहिलं. मासा काढला होता, खवल्यांसकट. मन एकाग्र करायची प्रत्येकाची रीत वेगळी.

३ फेब्रुवारी

अर्ज इंजिनिअरकडे गेला! ज्युनिअर इंजिनिअर, पण इंजिनिअरच. टेबलाशी उभं राहून चर्चा केली. (खुर्ची दिली होती. नको म्हटलं.)

तो म्हणाला, मावशी, बाकाचं बघू, पण पाठवाला देत नाही आता आम्ही. मी म्हटलं, का? म्हणाला, पाठ दिली की लोक झोपतात. मी म्हटलं, झोपू देत की, दमलेलं माणूस झोपणारच. म्हणाला, एक झोपला की तिघांची बसायची जागा जाते, धोरणच आहे तसं. मी म्हटलं, बिनपाठीच्या बाकावरून माणूस पडला तर? त्याने फाइल मिटली. म्हणाला, कोणी पडलंय का, मावशी?

मी म्हटलं, उदाहरण म्हणून विचारलं.

तो म्हणाला, दहा तारखेला जागा बघायला येतो. मी जिंकले. तीन जिने उतरताना गुडघा अजिबात दुखला नाही.

६ फेब्रुवारी

वाचनालयाचं कार्ड आलं, तिसरं. पुस्तक परत करा. त्यांना सांगायला हवं की पुस्तक अजून वाचून झालेलं नाही. झालेलं नाही कारण सुरू केलेलं नाही. ते टीव्हीवर आहे, पालथं. आत बसचं जुनं तिकीट आहे, नवव्या पानावर.

नऊ पानं! माझ्याआधी!

सकाळी कपाट आवरलं. दुपारी परत विसकटून नीट आवरलं.

१० फेब्रुवारी, सकाळी अकरा

इंजिनिअर आला, हातात फाइल, बरोबर रंगाचा डबा घेतलेला एक मुकादम. खालून हाक मारली, मावशी, चला, जागा दाखवा.

नेमका गुडघा धरला होता. म्हटलं, इथूनच दाखवते. खिडकीतून हात लांब करून दाखवलं, तिथे, वळणाला, कठड्याशी! तो ओरडला, हा कठडा? मी ओरडले, हो, तोच! तो ओरडला, याचंच ना अर्जात लिहिलंय तुम्ही? मी ओरडले, त्याचंच, त्याचंच!

मुकादमाने ब्रश बुडवला आणि कठड्यावर लाल रंगाची मोठी फुली मारली.

बाकाची जागा ठरली. अगदी नेमकी. यांच्या नेहमीच्या जागेवर. (हे जागेबद्दल आहे.)

११ फेब्रुवारी

आठ नंबरवाली आली. म्हणाली, अहो, लाल फुली कशाची आहे? मला तर धडकी भरली, कुंड्या आत घेतल्या मी. मी म्हटलं, खूण आहे ती, बाकाची. म्हणाली, बाकाला हिरवी असते ना? मी म्हटलं, तुम्हाला पालिकेचं कामकाज माहीत नाही. ती परत काहीतरी सांगायला लागली, तुमचे एकदा मला... मी म्हटलं, दूध उतू जातंय.

दूध नव्हतंच गॅसवर. पण जाऊ शकलं असतं.

१४ फेब्रुवारी

बाक आल्यावर चार शब्द बोलावे लागतील. तयारी केली. सुरुवात: 'हा बाक कोणा एकाचा नाही.' इथेच अडले. चार वेळा लिहिलं. उद्या बघू.

रंग तपकिरी चालेल. पाठीला तीन फळ्या. हात ठेवायला दोन्हीकडे दांडे.

१७ फेब्रुवारी, सकाळी नऊ

धडधड ऐकू आली. खिडकीत गेले. मुकादम आणि चौघेजण, मशीन घेऊन. कठड्याचा अर्धा भाग खाली आला होता.

मी ओरडले. थांबा, थांबा! मशीनच्या आवाजात काही ऐकू जाईना. मुकादमाने वर पाहिलं, हात केला, आणि बोटांनी खूण केली: दहाच मिनिटं, लवकर करतो. मी दोन्ही हात हलवले. त्याने माणसांकडे वळून हात फिरवला, म्हणजे बाई घाई करतायत, हात उचला.

चपला न घालता जिना उतरले. दारापर्यंत गेले. दारापासून पुढे... दारापर्यंत गेले.

दहा मिनिटं म्हणाला, आठात झालं.

१७ फेब्रुवारी, दुपार

मुकादम सही घ्यायला आला. चांगला माणूस. म्हणाला, ताई, धोकादायक बांधकामाची तक्रार असली की आम्ही सात दिवसांत उडवतो. बाकाचं खातं वेगळं. म्हटलं, तो कठडा मजबूत होता का हो? म्हणाला, मजबूत? दोन पाती मोडली आमची. जुनं काम, आणखी शंभर वर्षं हलला नसता. एक दगड तेवढा डुगडुगत होता, टोकाचा.

सही केली. अक्षर बरं आलं.

१८ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. घडलं ते बरोबरच घडलं. बाक ठेवायचा तर जागा मोकळी हवी. कठडा असताना बाक कुठे ठेवणार होते, नाल्यात? पालिकेला क्रम कळतो.

आज सव्वासहाला खिडकीत गेले नाही. सहा वीसला गेले.

२४ फेब्रुवारी

कठड्याच्या जागी लोखंडी रेलिंग. छातीएवढं, पिवळे-काळे पट्टे. त्यावर चिमणी बसू शकते. माणूस नाही.

तडक ऑफिसात गेले. अंगणात भिंतीला लागून एक लांबट दगड ठेवला होता. मी तो ओळखला. अकरा वर्षं पाहिलेली वस्तू आहे. वरून गुळगुळीत, एका टोकाला चपट. त्यावर कारकून बसला होता, पाठ भिंतीला टेकून, पाय पसरून. म्हणाला, या आजी, बसा, मुकादमाने आणून ठेवलाय, मस्त सोय झाली बघा. ड्रायव्हर लोकही बसतात.

भिंतीमुळे दगडाला पाठ आली होती.

मी बसले नाही. म्हटलं, चष्मा घट्ट केला नाहीत अजून. म्हणाला, वेळ कुठे मिळतो, आजी! घरी आले, पस्तीस मिनिटांच्या रस्त्याने. पन्नास लागली.

१ मार्च

दोन टपालं. एक: बाकाचा प्रस्ताव. 'सदर ठिकाणी रेलिंग असल्याने बाक बसविल्यास रहदारीस अडथळा निर्माण होईल.' निकाली.

दुसरं, वॉर्डाचं नवीन पत्रक. पहिल्याच पानावर दोन फोटो, आधी आणि नंतर. आधी म्हणजे कठडा, नंतर म्हणजे रेलिंग. खाली: 'जागरूक ज्येष्ठ नागरिक महिलेच्या पाठपुराव्यामुळे धोका दूर.'

फोटो भिंगातून पाहिला. आधीच्या फोटोत कठडा रिकामा आहे. साहजिक आहे.

लेकीला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, आई, ती जागा म्हणजे बाबांचीच ना गं? मी म्हटलं, जरा मोठ्याने बोल, आवाज कापतोय. तिचाच कापत होता.

४ मार्च

बाकीची कामं हातात घ्यायची. गल्लीत कचऱ्याचे डबे, वाचनालयाची वेळ, नाल्याची जाळी. यादी केली. यादी बघून पलंगावर आडवी झाले. पाच मिनिटंच. मग उठून पलंग हलवला.

ऑफिसातून फॉर्म आला. 'झालेल्या कामाबाबत आपला अभिप्राय.' दोन चौकोन, समाधानी आणि असमाधानी. खाली बारीक अक्षरात: 'तक्रारदाराने प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम पाहिल्यावरच सही करावी.'

न जाता सही करायला काय लागतं? पण खोटी सही मी करत नाही. (धोकादायक कठडा हे खोटं नव्हतं. ती सरकारी भाषा होती.)

५ मार्च

गुडघा.

६ मार्च, संध्याकाळ

गेले.

घरापासून वळण एकेचाळीस पावलं. मला दोनशे वाटत होती. पुस्तक बरोबर घेतलं होतं, तसंच पुढे उतरून वाचनालयात परत करावं म्हणून. सव्वासहा वाजले होते, योगायोगाने.

रेलिंगशी उभी राहिले. काम ठीक आहे. जोड नीट मारलेत. मग फॉर्ममध्ये लिहायचं तर सगळ्या बाजूंनी पाहायला हवं, म्हणून मागे वळले.

खिडकी दिसते. खांब डावीकडे राहतो. झाड उजवीकडे, आणि ते झाड फार तर माझ्या खांद्याएवढं आहे. खिडकी मधोमध. आतला टीव्ही दिसतो. भिंतीवरचं घड्याळ दिसतं. नजर चांगली असेल तर वाजलेत किती तेही कळेल, आणि यांची नजर शेवटपर्यंत चांगली होती.

आठ नंबरवाली बाहेर आली. हातात स्टूल. माझ्याजवळ ठेवलं. या वेळी मी घाईत नव्हते. दूधही नव्हतं.

बसले.

ती म्हणाली, कधीचं सांगायचंय तुम्हाला. तुमचे इथे बसले ना, की सारखं वर लक्ष. तुम्ही खिडकी आपटली की म्हणायचे, लागली खिडकी, म्हणजे चहा उकळला, निघतो. रोज. आम्हाला घड्याळ लागायचं नाही. त्या दिवशी उशीर झाला तर मी म्हटलं, आज खिडकी नाही का? हसले. म्हणाले, बरंय ना, पुस्तक चांगलं आहे. मग तुमची खिडकी वाजली. त्यांनी तिकीट घातलं, पुस्तक मिटलं, म्हणाले, चला.

तेवढंच.

मी पुस्तकाकडे पाहिलं. तिकीट नवव्या पानावर.

त्या दिवशी मी चहा टाकला नव्हता. फोनमुळे राहून गेला होता.

मी विचारलं, पाठ दुखायची का हो त्यांची इथे? कधी म्हणाले होते? ती म्हणाली, छे हो. एकदा मीच म्हटलं, आतली पाठवाली खुर्ची देऊ का आणून? तर म्हणाले, नको नको, पाठ टेकली की मला झोप लागते, मग पुस्तक राहून जातं.

इंजिनिअरही हेच म्हणाला होता. धोरण आहे.

फॉर्मवर 'समाधानी'वर खूण केली. जोड खरंच नीट मारलेत. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून पुस्तक परत करायचं राहिलं. स्टुलावर बसूनच उघडलं. पहिल्या पानापासून.

सुरुवात बरी आहे.

उजेड कमी झाल्यावर मान वर केली. खिडकी उघडीच राहिली होती. पडदा धुवायला झालाय.